तिसऱ्या पेल्याची जागा

कल्पना करा, तुमच्या डाव्या हातात बोटाएवढी पोलादी छिन्नी आहे आणि उजव्या हातात छोटी हातोडी. समोर राळेच्या गादीवर तांब्याचा जाड पत्रा बसवलाय. त्यावर चार अक्षरं कोरायची आहेत. छिन्नी कलती धरायची. फार उभी धरलीत तर पत्र्याला भोक पडेल, फार आडवी केलीत तर ती घसरून शेजारच्या गुळगुळीत तांब्यावर ओरखडा काढेल. घाव जोरात नको, पण थांबायचंही नाही. टकटक चालू ठेवायची आणि मुंगीच्या चालीने पुढे सरकायचं. पहिल्या अक्षराचा पाय तिरका उतरतो, तिथे हात हमखास चुकतो. तिसऱ्याची शेपटी खाली वळते, तिथे मनगट जपून फिरवायचं. चूक झाली तर झाली. तांब्यावर खोडरबर चालत नाही.

आता आणखी एक कल्पना करा. ही चार अक्षरं एका फाटकावर लागणार आहेत, आणि ते फाटक तुमच्याच तोंडावर बंद होणार आहे. कोराल?

मेव्लिदा मावशीने कोरली. तिला फसवून तिच्याकडून कोरून घेतली, असं म्हणायला हवं.

मी तिच्या घराच्या खालच्या खोलीत भाड्याने राहतो. बोस्नियातल्या सारायेव्होत बिस्त्रिकच्या चढावर आमचा मोहल्ला आहे. मी लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे ती मला नावाने हाक मारत नाही, ‘इंजिनिअर’ म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते तिचं तिलाच ठाऊक. तिचा बाप तांबट, आजा तांबट. भाऊ जर्मनीला गेला तेव्हा बापाने हातोडी हिच्या हातात दिली. पूर्ण तांबट गल्लीत तेव्हा एकही बाई नव्हती. शेजारचे दुकानदार म्हणाले, बाईच्या हाताचं तबक वाकडं होतं. मावशीने त्यांच्यातल्या सगळ्यात तोंडाळ माणसाच्या पोरीच्या लग्नासाठी तबक केलं आणि त्याच्या दारात नेऊन ठेवलं. म्हणाली, “घे, गोटी ठेवून बघ. घरंगळली तर माझी हातोडी मिल्याट्स्का नदीत फेकून देईन.” गोटी घरंगळली नाही. तेव्हापासून तिच्या रागाला गल्लीत मान आहे.

तर शब्द होता ‘राया’. आमच्या रोमन लिपीत चार अक्षरं, raja. मराठीत रयत म्हणतात ना, तोच. तुमच्याकडे तो दरबारातून आला, आमच्याकडे उस्मानी सुलतानांबरोबर आला. आज सारायेव्होत राया म्हणजे आपली माणसं. ज्यांच्याबरोबर गल्लीत फुटबॉल खेळलात, ज्यांना तुमच्या बापाचं टोपणनाव माहीत आहे, जे तुमची टर उडवतात आणि रात्री-बेरात्री तुमच्या आईला दवाखान्यात नेतात. ‘तो राया आहे’ असं एखाद्याबद्दल म्हटलं की संपलं. याच्यापुढे पदवी नाही. आणि माणूस मोठेपणा मिरवू लागला, गाडी घेतली आणि ओळख विसरला, की म्हणतात, ‘गेला तो, राया राहिला नाही.’

एवढं सरळ असतं तर मावशीचं काम सोपं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दुकानात एल्दार आला. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे नाहीत. आमच्या मोहल्ल्याच्या वरच्या अंगाला नवी इमारत उठत होती, तिच्या जाहिरातीचं काम तो बघायचा. मी तेव्हा मावशीच्या भात्याची मोटर दुरुस्त करत बसलो होतो.

“मावशी, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय,” तो म्हणाला.

“वाईटच ऐकलं असशील. बस.”

त्याने मोबाईलवर चित्र दाखवलं. काचेची इमारत, गच्चीवर झाडं, आणि खाली लोखंडी फाटक. फाटकाशेजारी भिंतीवर तांब्याचा मोठा पत्रा, त्यावर ‘राया’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘घरी या’.

“इमारतीचं नाव आहे राया. आपलं, मातीतलं. लोकांना आता काच नको झालीय मावशी, ऊब हवीय.”

“मग काचेची कशाला बांधलीस?”

एल्दार हसला. चांगला हसायचा तो, हे मान्य केलं पाहिजे. पत्र्याशिवाय त्याला प्रत्येक फ्लॅटसाठी भेट म्हणून कॉफीचा संच हवा होता. तबक, कॉफी उकळायची लांब दांड्याची जेझ्वा, साखरेची डबी, आणि दोन फिल्जान. फिल्जान म्हणजे बिनकानाचे आमचे छोटे पेले.

“दोन?” मावशीची हातोडी थांबली. “आणि तिसरा?”

“कसला तिसरा? बहुतेक फ्लॅट जोडप्यांचे आहेत.”

“जोडप्यांकडे कुणी येत नाही?”

आमच्याकडे कॉफीचं तबक मांडताना घरात जितकी माणसं त्याहून एक पेला जास्त ठेवतात. जो येईल त्याचा. त्या पेल्यावर आलेल्या माणसाला ‘का आलास’ असं विचारायचं नसतं. त्याने कारण सांगितलं तर ठीक, नाही तर कॉफी पिऊन जाईल. एल्दार इथेच वाढलेला, त्याला हे माहीत नसणार असं नाही. पण त्याने खांदे उडवले. “तबक लहान आहे मावशी. दोन बरे दिसतात. फोटोत.”

“इमारत नक्की कुठे आहे ही?” मावशीने विचारलं. तिला माहीत होतं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“तुमच्याच वर. ओमेरच्या पाणवठ्यापाशी.”

ओमेर नावाच्या कुणा कातडं कमावणाऱ्याने फार पूर्वी बांधलेला दगडी पाणवठा आहे तो. एक पितळी तोटी, खाली कोनाड्यात साखळीला बांधलेला टिनाचा पेला, बाजूला बसायला दगड. पाणी डोंगरातून येतं. मोहल्ल्यातली म्हातारी माणसं शपथेवर सांगतात की नळाच्या पाण्याची कॉफी म्हणजे औषध. बिल्डरने मागची पडकी कातडी-वखार विकत घेतली, तेव्हा मोजणीत निघालं की पाणवठ्याकडे जाणारी वाटही त्याच जागेत येते. कागद बरोबर होते. पालिकेतल्या साहेबाने तेच सांगितलं, कागद बरोबर आहेत. आणि आता फाटक त्या वाटेच्या तोंडावर बसणार होतं.

“फाटक उघडं राहील?” मावशीने विचारलं.

“दिवसभर उघडं. पाणवठा तर आमची शान आहे. रात्री तेवढं बंद.”

“शब्द देतोस?”

“देतो.”

तिने हात पुढे केला, त्याने हातात हात दिला. तांबट गल्लीत एवढं पुरतं. मावशीच्या बापाने आयुष्यात कधी कागदावर सौदा केला नाही, आणि त्यावरून गल्लीत कुणाचं अडलं नाही. मी मोटरमध्ये डोकं घालून बसलो होतो. मला काही खटकलं नाही, कारण मीही इथलाच.

पत्रा कोरायला मावशीने बराच वेळ घेतला. संध्याकाळी दानिलोकाका दुकानात यायचे. ते ट्राम चालवायचे, आता निवृत्त. मावशीच्या घरासमोर त्यांचं घर. लहानपणापासूनचे दोघे शेजारी, आणि लहानपणापासूनचंच भांडण.

“मेव्लो, तुझ्या ‘र’चा पाय बघ. लंगडतोय माझ्यासारखा.”

“तुझ्या ट्रामपेक्षा सरळ आहे. स्कांदेरियाच्या वळणावर किती म्हाताऱ्या पाडल्यास, मोजल्यास कधी?”

मग काकांनी त्या चार अक्षरांकडे पाहिलं. त्यांची गोष्ट मला माहीत होती. मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आहे, पण ते ती प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगत असल्यासारखी सांगतात.

काका सर्ब, म्हणजे ख्रिस्ती; मावशी मुसलमान. काकांचे आजोबा डोंगरापलीकडच्या गावातून आलेले. घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या आगाची, म्हणजे जमीनदाराची, जमीन कसली. पिकाचा तिसरा हिस्सा आगाला, शिवाय सुलतानाचा कर वेगळा. आगाच्या फाटकाशी टोपी काढून उभं राहायचं, आत बोलावेपर्यंत. पाऊस असला तरी. त्या माणसांना तेव्हा राया म्हणायचे. शेळ्यामेंढ्यांचा कळप म्हणावं तसं. सारायेव्होत आल्यावर आजोबांनी ट्रामच्या कारखान्यात नोकरी धरली, टोपी कधी कुणापुढे काढली नाही. घरात शिरतानाही काढायचे नाहीत म्हणे.

“आणि मी सात-आठ वर्षांचा,” काका म्हणाले, “मोहल्ल्यातल्या पोरांनी मला त्यांच्या संघात घेतलं. ही मेव्ला गोलकीपर. मी उड्या मारत घरी आलो. म्हटलं, आजोबा, मी राया झालो! त्यांनी मला अशी एक ठेवून दिली, अशी, की माझा दात हलला. म्हणाले, माझा बाप मेला त्या शब्दातून बाहेर पडण्यासाठी, आणि तू नाचत आत शिरतोस?”

“आणि मग रडत माझ्या दारात आलास,” मावशी म्हणाली.

“रडत नव्हतो. नाक वाहत होतं.”

मावशीने हातोडी खाली ठेवली. तिच्या रागाची सुरुवात अशीच होते, आधी हातोडी खाली ठेवते.

“तुझा आजोबा खरं बोलत होता. पण माझा आजा काय बोलायचा ते ऐक. तो म्हणायचा, राया म्हणजे ते. पलीकडचे. छातीवर क्रॉसची खूण करणारे. आपण नाही. आणि तो कोण होता? तांबट! दिवसभर धूर खायचा, कर भरायचा. माझ्या बापाने मला सांगितलं, अगदी पहिल्या सुलतानांच्या लेखी जो जो कर भरतो तो राया. तांबट राया, शेतकरी राया. मशिदीत जाणारा राया, चर्चमध्ये जाणाराही राया. फक्त तलवारवाले आणि दरबारवाले नाहीत. मग शंभर-दोनशे वर्षांत हळूहळू आमच्या लोकांनी स्वतःला त्यातून सोडवून घेतलं आणि शब्द तुमच्या गळ्यात टाकला. आमची पाठ मोकळी झाली असं वाटलं. कर काय कमी झाला? कप्पाळ! पण वर बघायला जमत नाही ना माणसाला, मग खाली बघायला कुणीतरी लागतं.”

“मग ऑस्ट्रियावाले आले,” काका म्हणाले.

“आले आणि सगळ्यांनाच खाली बसवलं. आगासुद्धा दफ्तरात रांग लावायला लागला. तेव्हा कुठे आजा म्हणायला लागला, अरे, आता आपण सगळेच राया. ते कपाळावर हात मारून म्हणायचा. आणि त्याची पोरं तेच हसत म्हणायला लागली. सुलतानाचा शब्द. त्यांनी शिवी घेतली आणि तिचा फुटबॉलचा संघ केला. पोरांनी केलं ते, आधी त्यांनी, मग आम्ही. मोठ्यांनी नाही.”

तिने छिन्नी उचलली. मग पुन्हा ठेवली.

“आणि वेढ्यात काय झालं ते याला सांग. हा तेव्हा जन्मलेला नव्हता.”

काकांनी सांगितलं नाही. मावशीनेच सांगितलं, थोडक्यात. नव्वदच्या दशकातल्या युद्धात सारायेव्होला सैन्याने वेढा घातला, त्या वर्षांत शहराचे नळ कोरडे पडले. ओमेरचा पाणवठा चालू होता. डोंगरावरून तोफा बघत असायच्या, तरी लोक डबे घेऊन रांगेत उभे राहायचे. मावशीला ताप होता, तेव्हा काकांची बायको यास्ना दोन्ही घरांचे डबे घेऊन गेली. गोळा पडला. डबे परत आले. एकाला भोक होतं.

“त्या रांगेत कुणी विचारलं नाही कोण कुठे प्रार्थना करतो,” मावशी म्हणाली. “कुणाकडे डबा नसला तर दुसऱ्याने दिला. ती राया. त्या दिवसांनंतर मी हा शब्द कुठेही वापरत नाही, इंजिनिअर. मनात ठेवते. आणि आता तांब्यावर काढतेय, कारण त्या मोजे न घालणाऱ्याने फाटक उघडं ठेवायचा शब्द दिलाय. यास्नाच्या पाणवठ्यावर जाणाऱ्या माणसाला आधी हा शब्द दिसू दे, म्हटलं.”

पत्रा भिंतीवर चढला त्या आठवड्यात फाटकही बसलं. आणि बंद झालं.

मी पाहिलं तेव्हा काका डबा हातात घेऊन फाटकाबाहेर उभे होते. आत पाणवठा दिसत होता. दगड घासून पांढरे केलेले, भोवती हिरवळ, खालून दिवे. टिनाचा पेला साखळीसकट काढून टाकला होता. फाटकाच्या खांबावर कार्ड लावायची काळी पट्टी. रखवालदार म्हणाला, रहिवासी असाल तर कार्ड दाखवा. काकांनी खिशातून ट्रामचा जुना पास काढून पट्टीला लावला. रखवालदाराला हसावं की नाही ते कळेना.

मावशी एल्दारच्या ऑफिसात गेली. मीही गेलो, कारण ती एकटी गेली असती तर काचा फुटल्या असत्या.

“मावशी, मी प्रयत्न केला. पण रहिवाशांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. विम्यावाले ऐकत नाहीत.”

“तू हात दिलास.”

“माझ्या हातात नसतं हो सगळं.”

“मग पुढे कशाला केलास? खिशात ठेवायचा होतास!”

“लोकांना पाणवठा बघता येईल. फाटक जाळीचंच मुद्दाम केलंय.”

मावशी उठून दाराकडे निघाली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. पायऱ्या उतरताना मी हळूच म्हटलं, “मावशी, त्या कार्डाच्या पट्टीत काही दम नाही. चुंबकी कुलूप आहे. तार कुठून जाते ते मी बघून ठेवलंय. चुटकीसरशी उघडून देतो.”

ती तिथेच थांबली आणि माझ्यावर असे डोळे वटारले की मागच्या बाईने वाट बदलली.

“चोरून? आपलं पाणी चोरून प्यायचं? यास्नाचा नवरा रात्री चोरासारखा आत शिरेल आणि तू बाहेर टेहळणी करशील? तेवढ्यासाठी शिकलास तू?”

मला वाटलं, आता ती उरलेलं काम परत पाठवेल. कॉफीचे संच अजून द्यायचे होते. पण तिने दुसऱ्याच दिवशी भट्टी पेटवली. दिवसभर ठोकाठोक. आजूबाजूचे दुकानदार डोकावून जायचे. कुणीतरी म्हणालं, “मेव्ला म्हातारपणी विकली गेली.” तिने ऐकलं आणि त्याच्या दुकानाकडे तोंड करून ठोकायला लागली.

तबकं पूर्ण झाली तेव्हा मी एक हातात घेतलं. आतून कल्हई चकचकीत. कडेने वेल. मधे जेझ्वाची जागा, एका बाजूला साखरेच्या डबीची, आणि पेल्यांसाठी खोलगट वर्तुळं. दोन नव्हती, तीन होती. तिसरं वर्तुळ बाकी दोघांपेक्षा खोल ठोकलेलं आणि त्याच्या भोवती बारीक वेणी कोरलेली. नवऱ्याचा पेला ठेवा, बायकोचा ठेवा, तबक अर्धवटच दिसणार. डोळा त्या रिकाम्या जागेवरच जाणार.

“एल्दार घेईल?” मी विचारलं.

“दोन पेले सांगितले, दोन दिलेत. तबकावर काय काढायचं ते त्याने कुठे सांगितलं? म्हणेल, वा, नक्षी छान.”

तसंच झालं. एल्दार म्हणाला, “वा मावशी, हे गोल काय सुंदर आहे!”

इमारतीचं उद्घाटन झालं. कुणी पुढारी आले, फीत कापली, मावशीच्या पत्र्यासमोर उभे राहून ‘प्रिय राया’ म्हणून भाषणाला सुरुवात केली. आम्ही रस्त्यावरून ऐकलं. काका म्हणाले, “आजोबा असते तर याचाही दात हलला असता.” लोक राहायला आले. प्रत्येकाच्या ओट्यावर मावशीचं तबक पोहोचलं.

मग एका रविवारी सकाळी मावशीने माझं दार वाजवलं. हातात पेला. “तुझा फिल्जान घे आणि चल.”

रस्त्यावर अख्खा मोहल्ला. पावभट्टीवाली, न्हावी, दोन्ही शाळामास्तर, काठी टेकत दानिलोकाका. प्रत्येकाच्या हातात आपल्या घरचा एकच रिकामा पेला. कुणाचा टवका उडालेला, कुणाचा सोनेरी कडेचा. घोषणा नाहीत, फलक नाहीत. मावशीने फाटकाबाहेर शेगडी मांडली, निखाऱ्यांवर मोठी जेझ्वा ठेवली, आणि भिंतीवरच्या इंटरकॉमच्या घंट्यांमधली एक दाबली.

जाळीतून आवाज आला. “कोण?”

“शेजारी. तुमच्या तबकावर तिसरी जागा आहे ना?”

“कसली जागा?”

“ओट्यावर तबक आहे. जा, बघून या. मी थांबते.”

पावलं गेली, परत आली. मग पुन्हा आवाज, या वेळी जरा वेगळा. “आहे. गोल आहे एक.”

“त्यातला पेला आणलाय. आलोय.”

आता यात काय बोलणार? या गावात वाढलेल्या माणसाला विचारता येत नाही, का आलात. आजीने चापट मारून शिकवलेलं असतं. मावशीने एकेक घंटा दाबली. काहींनी फोन ठेवून दिला. एक बाई म्हणाली, साखर संपलीय हो. न्हावी ओरडला, “आणलीय!” तिसऱ्या मजल्यावरून एक जाडजूड माणूस सपाता फटकारत खाली आला, दोन्ही हातांनी कपाळ धरून हसत. “माझी आई मला जिवंत सोडणार नाही,” म्हणत त्याने पट्टीला कार्ड लावलं. फाटक उघडलं. भट्टीवालीने फटीत कुंडी सरकवली. मागून एकेक रहिवासी खाली आला. काही लाजलेले, काही वैतागलेले. हातात तबकं. पाणवठ्याच्या दगडावर तबकांची रांग लागली. काकांनी पितळी तोटीखाली हात धरला, मनगटापर्यंत धुतला, मग दुसरा. बराच वेळ धूत राहिले.

एल्दार धावत आला. “मावशी, हे बरोबर नाही.”

“बरोबर तू शिकवणार?”

काकांनी त्याच्यापुढे भरलेला पेला धरला.

“त्याला नको!” मावशी ओरडली. सगळे थांबले. एल्दारचा हात हवेत. मावशीने त्या जास्तीच्या पेल्याकडे पाहिलं, दात आवळले. “दे. दे त्याला. पेला आहे तर नाही कसं म्हणायचं. पण माझ्याकडे बघत पिऊ नको.”

एल्दार भिंतीकडे तोंड करून कॉफी प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक बंद होतं.

फरक एवढाच पडला की पहिल्या मजल्यावर राहणारी लामिया नावाची मुलगी, ती दवाखान्यात नर्स आहे, रोज ड्यूटीला जाण्याआधी खाली येते आणि काकांसाठी फाटक उघडते. काका डबा भरतात, दगडावर जरा बसतात, बाहेर येतात. मोहल्ला म्हणाला, झालं, जिंकलो. काकाही म्हणाले, पोरगी गुणाची आहे. वर्तमानपत्रात फोटो आला, मथळा होता, ‘राया ती रायाच’. मावशीने त्या कागदाने शेगडी पेटवली.

परवाची गोष्ट. सकाळी बारीक पाऊस होता. मी कामाला निघालो तर फाटकाबाहेर दोघं उभी. काका डबा घेऊन, मावशी छत्री घेऊन. लामियाला उशीर झाला होता. शेवटी ती धावत आली, ओले केस, एका बाहीत हात घातलेला.

“काका, माफ करा, झोपच लागली हो!”

“काही नाही बाळा, काही नाही,” काका म्हणाले, आणि तिला मान द्यायचा म्हणून, सभ्य माणूस देतो तसा, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“टोपी घाल!”

मावशी एवढ्या मोठ्याने ओरडली की वरच्या गॅलरीतले पडदे हलले. लामिया घाबरली. काका टोपी हातात धरून मावशीकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते कळताना पाहिलं. पाऊस, फाटक, हातातली टोपी. त्यांनी ती घाईघाईने डोक्यावर ठेवली, जरा तिरकीच बसली.

“तुझ्यावर नाही ग ओरडले,” मावशी लामियाला म्हणाली. “तू चांगली आहेस. रोज उठतेस, येतेस. आगांमध्येही चांगले असायचे, याचा आजोबाच सांगायचा. कुणी लवकर फाटक उघडायचा, कुणी आतून भाकरी पाठवायचा. पण उद्या तुझी बदली झाली? तू घर विकलंस? नुसती झोपून राहिलीस, आणि झोपावंच माणसाने, तर?”

लामिया फाटक धरून उभी राहिली, ते मिटू नये म्हणून.

मावशी माझ्याकडे वळली. छत्रीचं टोक तिने भिंतीवरच्या त्या पत्र्याला लावलं. चार अक्षरं पावसात काळपट झाली होती, ‘र’चा पाय अजून सरळच होता.

“आम्ही पोरांनी सुलतानाच्या हातातून हिसकावून आणला होता हा शब्द. यास्ना यात मेली. आता मी स्वतःच्या हाताने कोरून त्या एल्दारच्या फाटकावर टांगलाय, आणि खाली आम्ही उभे आहोत, कुणीतरी उघडेल म्हणून. तू शिकलेला आहेस ना? मग मला सांग इंजिनिअर, या भिंतीवर जी राया लिहिलीय ती कुठली? माझ्या फुटबॉलच्या संघातली, की दानिलोच्या आजोबाच्या बापाची?”